दुहेरी कुलूप आणि एकटे शेठजी

एखाद्या संगणकीय खात्याचे दार ठोठावणारा माणूस खरोखरच त्या खात्याचा धनी आहे की त्याचे सोंग घेतलेला कोणी भामटा, हे ठरवण्यासाठी एका पुराव्यावर न भागवता दोन निरनिराळ्या जातींचे पुरावे मागण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिला द्विस्तरीय पडताळणी असे म्हणतात. या विषयाच्या शास्त्रकारांनी पुराव्यांच्या तीन जाती मानल्या आहेत: माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड, माणसाजवळ असलेली गोष्ट, म्हणजे मोबाइल किंवा किल्ली, आणि माणसाच्या अंगची गोष्ट, म्हणजे बोटाचा ठसा किंवा डोळ्याचे बुबुळ. यांपैकी दोन जाती जुळल्या की माणूस खरा, असा सिद्धान्त आहे. परभणी जिल्ह्यातील मोंढ्यांचा, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारांचा, व्यवहार बारकाईने पाहिला असता मात्र या वर्गीकरणात एक चौथी जात राहून गेल्याचे दिसून येते, आणि ती म्हणजे फोन लावल्यावर उचलणारा माणूस. पहिल्या तिन्ही जाती ज्याच्याकडे नाहीत त्याचेही काम या चौथीवर निभावते, आणि ही चौथी नसेल तर बाकीच्या असूनही ट्रक जागचा हलत नाही.

ट्रक येथे दृष्टान्तादाखल आलेला नाही. परभणी, मानवत, सेलू, जिंतूर या भागांत दसरा-दिवाळीनंतर वेचणीचा कापूस मोंढ्यात आणि तेथून जिनिंगमध्ये येऊ लागतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि एक गाठ १७० किलोची या हिशेबाने शंभर गाठींचा, म्हणजे १७ टनांचा माल घेऊन ट्रक परराज्यातील सूतगिरणीच्या वाटेला लागतो. परराज्यात जाणारा माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर त्याच्यासोबत ई-वे बिल, म्हणजे वस्तू व सेवा कराच्या यंत्रणेतील संकेतस्थळावरून काढलेला मालवाहतुकीचा दाखला, असावा लागतो. ही सक्ती १ एप्रिल २०१८ पासून आहे, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरणाऱ्या मालाला ती २५ मे २०१८ पासून लागू झाली. या संकेतस्थळावरील द्विस्तरीय पडताळणी मात्र मोंढ्यात टप्प्याटप्प्याने उतरली. २०२३ साली ती १०० कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्या बड्या मंडळींना सक्तीची झाली, १ जानेवारी २०२५ रोजी २० कोटींवरच्यांना आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी ५ कोटींवरच्यांना तिने गाठले, आणि १ एप्रिल २०२५ रोजी उरलेल्या सगळ्यांनाच तिने कवेत घेतले. संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात मोठमोठ्या कंपन्यांत खास विभाग नेमून जे प्रश्न सोडवले जातात, ते अशा रीतीने एक गादी, एक तिजोरी, एक संगणक आणि एक मुनीमजी एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या पेढीच्या दारात येऊन उभे राहिले.

या पद्धतीचे प्रत्यक्ष आचरण कसे होते, हे पाहणे उद्बोधक आहे. गाठी भरून झालेल्या असतात, काट्यावर वजन झालेले असते, ताडपत्री ओढून दोर आवळलेले असतात, आणि चालक केबिनमध्ये बसून दर पाच मिनिटांनी 'कागद झाला का' असे विचारत असतो. मुनीमजी संकेतस्थळ उघडून पेढीचे वापरकर्तानाव आणि त्यामागोमाग पासवर्ड टाकतात. हा पासवर्ड बहुधा पेढीचे नाव आणि तिच्या संस्थापकांचे जन्मसाल यांच्या संयोगातून सिद्ध झालेला असून तो मापाड्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना मुखोद्गत असतो. येथवर पुराव्याची पहिली जात संपते. त्यानंतर एकदाच वापरता येणारा सहा आकडी संकेत, ज्याला सर्व थरांतील लोक ओटीपी म्हणतात, नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि नोंदवलेला मोबाइल शेठजींच्या खिशात असतो. शेठजी स्वतः गंगाखेडला लग्नात असतात. ते लग्नात नसतील तर दहाव्याला, दहाव्याला नसतील तर कोर्टात, आणि यांपैकी कोठेही नसतील तर ज्या खोलीत रेंज येत नाही त्या खोलीत दुपारची वामकुक्षी घेत असतात.

मुनीमजी फोन लावतात. मोंढ्याच्या परिभाषेत ओटीपीला सुटसुटीतपणे 'आकडा' म्हणतात, त्यामुळे 'शेठजी, आकडा आला का?' हा प्रश्न पंगतीत शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या कानी पडतो, आणि सोयरिकीच्या आधी चौकशी केली तेव्हा मटक्याची गोष्ट कोणी कशी काढली नाही, असा विचार त्यांच्या मनात येऊन जातो. शेठजी चष्मा शोधतात. संदेशात आकडा नेमका कोठे आहे हे शोधण्यापेक्षा सगळा संदेश पहिल्यापासून वाचणे त्यांना सोपे वाटते, म्हणून ते तो मोठ्याने वाचू लागतात, आणि हा संकेत कोणालाही सांगू नये ही त्यातील ताकीदही ते प्रामाणिकपणे मुनीमजींना वाचून दाखवतात. मुनीमजी ती शांतपणे ऐकून घेऊन पुढे म्हणतात, 'बरं, आता आकडा सांगा.'

आकडा सांगण्याच्या पद्धतीने या प्रसंगात आणखी गुंतागुंत निर्माण होते. यंत्राने सहा सुटे अंक पाठवलेले असतात. परंतु हिशेबात मुरलेला मराठी माणूस सुटा अंक उच्चारणे कमीपणाचे समजतो, तो त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावतो, आणि मग एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी या तीन संख्या वाजंत्र्याच्या गजरातून परभणीपर्यंत पोहोचताना एकमेकींत मिसळून जातात. खात्री करून घेण्यासाठी मुनीमजी त्याच संख्या हिंदीत विचारतात, कारण मराठवाड्याच्या बाजारात हिंदीला उर्दूची आणि मराठीला हिंदीची मदत घेण्याचा रिवाज जुना आहे. तेव्हा उनसठ, उनहत्तर आणि उन्नासी असा दुसरा घोटाळा पहिल्याच्या मदतीला येतो. शेवटी पावतीपुस्तकाच्या समासात खाडाखोड करून एक संख्या निश्चित होते आणि ती टाकली जाते, तोवर संकेताची मुदत संपलेली असते. नवा आकडा मागवला जातो, तो येताना जुनाही उशिराने येऊन पोहोचतो, आणि दोहोंपैकी ताजा कोणता यावर चर्चा सुरू होते. चालक ट्रकमधून उतरून चहा सांगतो.

ज्या क्रमांकावर हा आकडा येतो त्याच्या मालकीवरून पेढ्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात क्रमांक खुद्द शेठजींचा असतो, त्याचे वर्णन वर आलेच आहे. दुसऱ्या वर्गात तो शेठजींच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांचा असतो, कारण नोंदणीच्या दिवशी घरात संगणक समजणारे तेच एकटे होते. त्यामुळे मानवतच्या सरकीचा ट्रक हिंजवडीतील बैठक संपेपर्यंत थांबतो, आणि आपण पेढी सोडली तरी पेढीने आपल्याला सोडलेले नाही, हे चिरंजीवांना दिवसातून चार वेळा कळते. तिसऱ्या वर्गात क्रमांक करसल्लागाराचा असतो. या गृहस्थाच्या एका मोबाइलवर अनेक पेढ्यांचे आकडे येत असल्याने मासिक विवरणपत्रांच्या मुदतीच्या, म्हणजे ११ आणि २० तारखेच्या आसपास त्याच्या कार्यालयात 'कोणाचा आला, कोणाचा आला' असा पुकारा चालू असतो, आणि एका पेढीचा आकडा दुसरीच्या विवरणपत्रावर टाकून पाहण्याचे प्रयोगही होतात. ते यशस्वी होत नाहीत, हे या तंत्राच्या भक्कमपणाचे मोंढ्याने मान्य केलेले एकमेव प्रमाण होय. चौथा वर्ग सर्वांत हृद्य आहे. यात क्रमांक दिवंगत थोरल्या शेठजींचा असतो. तो बदलण्याचे काम पुढच्या महिन्यावर ढकलत गेल्यामुळे त्यांचे सिमकार्ड बटणांच्या एका जुन्या मोबाइलमध्ये घालून गल्ल्यात ठेवलेले असते, आणि ते बंद पडू नये म्हणून त्याचे रिचार्ज वर्षश्राद्धाहूनही अधिक नियमाने केले जाते. शासनाच्या लेखी थोरले शेठजी आजही दररोज दोन ट्रक रवाना करीत आहेत.

फोनवरून आकडे वाहून नेण्याचा हा व्याप टाळण्यासाठी संदेशाऐवजी ॲपमधून संकेत मिळवण्याची सोय शासनाने केली आहे. ई-वे बिलाच्या संकेतस्थळासाठी एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचे जे ॲप आहे, त्यात दर ३० सेकंदांनी नवा संकेत उमटतो आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. अशा प्रकारच्या ॲपमागचे गणित चमत्कारिक वाटले तरी सरळ आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका खुल्या मानकानुसार, खाते जोडताना एक गुप्त किल्ली संकेतस्थळ आणि मोबाइल या दोघांच्या स्वाधीन केली जाते; ही किल्ली बहुधा क्यूआर कोडच्या चौकटीतून येते. पुढे दोघेही १ जानेवारी १९७० पासून किती अर्धी मिनिटे उलटली हे मोजतात, त्या संख्येवर गुप्त किल्लीच्या साह्याने ठरावीक प्रक्रिया करतात, आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता दोघांना एकच सहा आकडी उत्तर येते. घड्याळे जुळलेली असावीत, एवढीच अट असते. ज्या प्रदेशात घड्याळ दहा मिनिटे पुढे लावून ठेवणे हे वक्तशीरपणाचे आणि तरीही वीस मिनिटे उशिरा पोहोचणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते, तेथे ही अट किती जाचक ठरते हे सांगावयास नको. मोबाइलची वेळ हाताने पुढे ओढून ठेवणाऱ्या माणसाचे ॲप भविष्यकाळातील संकेत दाखवते. तो बरोबर असतो, परंतु दहा मिनिटांनी.

अशाच पद्धतीच्या दुसऱ्या एखाद्या ॲपला पेढीचे ईमेल खाते जोडताना जी क्यूआर चौकट पडद्यावर येते, तिचे छायाचित्र घेऊन ते व्हॉट्सॲपच्या 'पेढी' नावाच्या गटावर टाकले की गटातील प्रत्येकाला तोच संकेत आपापल्या मोबाइलवर उमटवता येतो, हा शोध ज्या दिवशी मोंढ्यात लागला त्या दिवशी कुलपाची किल्ली सामुदायिक झाली. चौकट ही दर्शनी पाटी नसून खुद्द गुप्त किल्लीच आहे, आणि ती ज्याच्या हाती लागेल तो पुढे केव्हाही संकेत काढू शकतो, ही बाब गटातील कोणालाही खटकत नाही. ते छायाचित्र सुप्रभाताच्या गुलाबांत, सोयाबीनच्या भावांच्या कागदांत आणि कोणाच्या तरी बारशाच्या निमंत्रणांत निर्धास्त पडून असते. मोबाइल हरवल्यास उपयोगी पडावेत म्हणून गूगलच्या खात्याला आठ अंकी असे दहा राखीव संकेत मिळतात आणि ते जपून ठेवावेत अशी सूचना असते. मोंढ्यात जपून ठेवण्याची सर्वमान्य रीत म्हणजे लॅमिनेशन होय. त्यामुळे तो कागद प्लास्टिकमध्ये बंदिस्त होऊन लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी भिंतीवर लागतो, आणि एकेक संकेत एकदाच चालतो हे लक्षात आल्यावर वापरलेले संकेत लाल स्केचपेनने खोडले जातात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून कोणते चालतात हे शोधण्याचा त्रास पडत नाही.

यावरून या भागाला दुहेरी बंदोबस्त नवा आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. शासकीय कोषागारात, ज्याला जुने लोक ट्रेझरी म्हणतात, मुद्रांक आणि मौल्यवान वस्तू ठेवण्याची खोली दुहेरी कुलपात असते; दोन कुलपांच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे समोर असल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेच्या लॉकरलाही एक किल्ली बँकेची आणि एक ग्राहकाची लागते. या सर्व व्यवस्थांचे मर्म असे की त्या एका माणसावर संपूर्ण विश्वास टाकावयास तयार नसतात, म्हणून त्या दोन माणसे मागतात. द्विस्तरीय पडताळणी मात्र माणूस एकच आहे असे गृहीत धरते आणि त्याच्याकडे पुरावे दोन मागते. मोंढ्याने नेमका येथेच तिचा अर्थ आपल्या रिवाजाप्रमाणे लावून घेतला आहे: दोन पुरावे म्हणजे दोन माणसे, एक काम करणारा आणि एक परवानगी देणारा, असे तो धरून चालला आहे. हा अर्थ शास्त्राला धरून नसला तरी पेढीच्या रचनेला तंतोतंत धरून आहे.

याच्या उलट प्रकारही जिल्ह्यातच पाहावयास मिळतो. ग्रामपंचायतीची देयके केंद्र शासनाच्या ई-ग्रामस्वराज प्रणालीतून अदा करताना दोन डिजिटल सह्या लागतात. एक कर्मचाऱ्याची आणि एक सरपंचाची, म्हणजे एकाने मांडावे आणि दुसऱ्याने तपासावे. या सह्या पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या दोन डोंगलांमध्ये असतात आणि प्रत्येकाला वेगळा पिन असतो. नियमाप्रमाणे ती दोन माणसांच्या दोन खिशांत असावयास हवीत. परंतु ज्या गावात सरपंच शेतावर आणि कर्मचारी दुसऱ्या गावच्या बैठकीला असतो, तेथे दोन्ही डोंगले एकाच रबरबँडने बांधून संगणक परिचालकाच्या खणात ठेवणे सर्वांनाच सोयीचे वाटते, आणि पिन विसरू नयेत म्हणून ते त्याच रबरबँडखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असतात. शासनाने एका दाराला दोन कुलपे लावावीत आणि गावाने दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला अडकवाव्यात, असा हा सहकार आहे.

या प्रकारांची संभावना अडाणीपणा किंवा बेफिकिरी म्हणून करणे सोपे आहे, परंतु त्यातून काहीही उलगडत नाही. ज्या मुनीमजींना वीस वर्षांचा उधारीचा हिशेब तोंडपाठ असतो आणि ज्यांच्या हातून रोजची लाखोंची रोकड जाते, त्यांना सहा आकड्यांचे महत्त्व कळत नाही असे मानणे हा त्यांचा अपमान होईल. खरे कारण निराळे आहे. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर मुख्य वापरकर्त्याखाली उपवापरकर्ता नेमण्याची सोय आहे. मुनीमजींना स्वतःचे वापरकर्तानाव मिळते, स्वतःचा मोबाइल नोंदवता येतो, आणि त्यांचा आकडा त्यांच्याच मोबाइलवर येतो. त्यांना काय करू द्यावे आणि काय नाही, हेही ठरवता येते. यासाठी वेगळे शुल्क पडत नाही. असे असूनही ही सोय वापरण्यास पेढी राजी नसते, कारण मुनीमजींच्या नावाने खाते उघडणे म्हणजे ट्रक आजवर कोण पाठवीत होते हे कागदावर कबूल करणे होय. तिजोरी हाताळू देण्यास शेठजींची हरकत नसते, परंतु नाव हाताळू देण्यास असते. दर तासाला आकडा मागणारा मुनीमजींचा फोन वरकरणी कटकटीचा वाटत असला तरी आपल्या शब्दावाचून पेढीचे पान हलत नाही, ही ग्वाही तोच फोन देत असतो. आणि लग्नाच्या मांडवात सर्वांदेखत 'जरा कामाचा फोन आहे' असे म्हणून उठण्याची संधी कोणता व्यापारी सोडील? मुनीमजींनाही हे सोयीचेच असते, कारण नोंद शेठजींच्या नावावर होत असल्याने गाडीचा क्रमांक चुकला तरी चूक शेठजींची ठरते.

या सोयीची किंमत मात्र दोघांपैकी कोणाच्याही हिशेबात धरलेली नसते. दाखल्यातील गफलतीमुळे वाटेत ट्रक अडवला गेला, तर वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे तो सोडवून घेण्यासाठी मालाच्या मालकाला देय कराच्या दुप्पट दंड भरण्याची पाळी येऊ शकते, आणि ती नोंद कोणी केली हे यंत्रणेला विचारले तर ती एकच नाव सांगते. सर्वांनी एकाच नावाने आत जावयाचे ठरवले की आत कोण गेले होते हा प्रश्नच निरर्थक होतो. त्याहून मोठी हानी सवयीची आहे. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरा पुरावा सक्तीचा करण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अमलात आणला, आणि तेव्हापासून बँका संकेत फोनवर सांगू नका असे बजावीत आल्या आहेत. परंतु ज्याने दिवसातून सहा वेळा घाईत, गोंगाटात, 'लवकर सांगा, गाडी उभी आहे' या वाक्यासरशी सहा अंक वाचून दाखवले आहेत, त्याच्या जिभेला सातव्या वेळी मुनीमजी कोण आणि ठग कोण हे कळत नाही. ठगही घाईतच असतो, आणि तो 'जी' लावूनच बोलतो.

तेव्हा उपाय उघड आहे. प्रत्येक काम करणाऱ्याला त्याच्या नावाचे खाते द्यावे, तो पेढी सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करावे, ईमेलचे राखीव संकेत भिंतीवरून उतरवून तिजोरीत ठेवावेत, क्यूआर चौकट गटावर टाकली असल्यास ती जोडणी मोडून नवी करावी, कारण नुसते छायाचित्र पुसल्याने किल्ली परत येत नाही, आणि थोरल्या शेठजींना या दगदगीतून मुक्त करून त्यांचा क्रमांक बदलावा. यात अवघड असे काहीच नाही आणि सगळे मिळून एका दुपारीत उरकण्यासारखे आहे. मुनीमजींचीही याला ना नसते. एखाद्या दिवशी काम कमी असले की ते उपवापरकर्त्याचे पान उघडण्यासाठी उत्साहाने संगणकासमोर बसतातसुद्धा. परंतु उपवापरकर्ता नेमण्यासाठी आधी मुख्य वापरकर्ता म्हणून आत जावे लागते, त्यासाठी आकडा लागतो, तो शेठजींच्या मोबाइलवर येतो, आणि शेठजी त्या दिवशी पालमला साखरपुड्याला गेलेले असतात.